उसना आवाज

मंगळवार, ६ मे २०२५. एजवेअर, लंडन

नवी वही, नवं घर, नवी नोकरी. पहिलं पान तरी सुवाच्य अक्षरात लिहायचं ठरवलंय.

दुपारी तीनला पोचले. दोन बॅगा आणि लॅपटॉप एवढाच माझा संसार, त्यामुळे सामान लावायला अर्धा तासही लागला नाही. सिया स्टेशनवर घ्यायला आली होती. खरं तर ती माझी मालकीण, पण ती तसं वाटू देत नाही. जन्म हॅरोचा, वडील सोलापूरहून इथल्या हॉस्पिटलात आलेले डॉक्टर, ती स्वतः फार्मसिस्ट आणि नवरा जपानी. नवऱ्याचे वडील या घरात एकटे राहतात, त्यांच्यासोबत राहायला जपानी येणारं कुणीतरी हवं होतं. तिने मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पुण्यात सहा वर्षं जपानी शिकलेली, जपानी कार्टून्स मराठीत डब करून पोट भरलेली आणि बर्मिंगहॅमला भाषांतराची एमए करून रिकामी बसलेली बाई मिळेल असं तिला वाटलंही नसेल. मी दहा मिनिटांत उत्तर पाठवलं होतं.

गाडीत म्हणाली, "तू टेन्शन नको घेऊ हं पूर्वी. माझी सासरे सुपर क्वाएट आहे." मग जीभ चावली. शांत असणारच, त्यांना स्वरयंत्रच नाही. पाच वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे काढलं.

तेराशिमासान दारातच उभे होते. (सान म्हणजे आपल्याकडचं राव.) अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उंच, शिडशिडीत, इस्त्रीचा शर्ट, आणि गळ्याशी जिथून ते श्वास घेतात त्या छिद्रावर पांढरा जाळीदार रुमाल. खिशात छोटं पॅड आणि पेन्सिल. सगळं बोलणं त्या पॅडवर. पहिलं वाक्य लिहिलं ते असं, की तुम्हीही माइकसमोर उभ्या राहिला आहात असं कळलं, कुठली कामं केलीत? मी सांगितलं, एक खार, एक चेटकीण आणि तीन आत्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी कळलंच नाही की ते हसताहेत.

काम आवडण्यासारखं आहे. आयुष्यभर ते जपानमध्ये आवाजाचे नट होते. कार्टून्स, परदेशी सिनेमे, रेडिओ. निवृत्तीनंतर त्यांनी आपली हकीकत हाताने लिहून काढली आहे. सियाला ती वाचायचीय आणि तिला जपानी येत नाही, म्हणून मी ती इंग्रजीत आणायची. सोबतीला स्वयंपाकात मदत, औषधं, डॉक्टरांचे फोन.

माझी खोली मागच्या बाजूला आहे. खिडकीखाली सफरचंदाचं झाड, अजून थोडा मोहोर आहे त्याला. संध्याकाळी त्यांनी मला घराचा एकुलता एक नियम लिहून दिला: या घरात कृपया कुणाची नक्कल करू नये.

नटाचा विक्षिप्तपणा. मी मान डोलावली.

शुक्रवार, ९ मे

रोज वीस पानं होतात. अक्षर सुंदर, भाषा साधी, त्यामुळे काम कामासारखं वाटतच नाही.

सेंदाई नावाच्या शहरातले ते. लहानपणी स्टेशनवरच्या घोषणा करणाऱ्याची इतकी हुबेहूब नक्कल करायचे, की एकदा त्यांच्या ओरडण्यावर माणसं भलत्याच गाडीत चढली. वडिलांनी मारलं. पुढे टोकियोला एका नाटक मंडळीत गेले, दिवसा तालीम, संध्याकाळी हॉटेलात भांडी. डबिंगचं पहिलं काम मिळालं तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. भूमिका: वाटसरू, क्रमांक दोन.

स्टुडिओचं वर्णन वाचताना मला अंधेरीचा आमचा कोंदट स्टुडिओ आठवत होता, पण त्यांचा फारच शिस्तीचा. चार माइक आणि चौदा नट. हातात संहिता, पान उलटताना आवाज होता कामा नये. आपलं वाक्य आलं की पाय न वाजवता पुढे जायचं, संपलं की तसंच मागे. दहा वर्षं ते असे पुढेमागे करत राहिले. वाटसरू, दुसरा पोलीस, दाराआडचा आवाज. एकदा बुडणाऱ्या माणसाचे श्वास दिले तेव्हा काचेपलीकडचा दिग्दर्शक उठून उभा राहिला, हे त्यांनी दोनदा लिहिलंय. बहुतेक एकदा लिहिलेलं विसरले असावेत. मी दोन्ही ठेवले.

जेवताना मी विचारलं, तुमचा स्वतःचा आवाज कसा होता? त्यांनी खिशातून पॅड काढलं. मग लिहिलं, पत्नीला आठवला असता.

पत्नी वारली आहे, नऊ वर्षांपूर्वी.

बुधवार, १४ मे

आज त्यांच्या यशाची पानं आली आणि दिवसभर मन जड होतं.

तिथे टोफू विकणाऱ्या एका कुटुंबावरची मालिका दर रविवारी लागायची, वर्षानुवर्षं. त्यातल्या वडिलांचा आवाज होशिनो नावाच्या ज्येष्ठ नटाचा. एका हिवाळ्यात होशिनो अचानक गेले, पुढचं रेकॉर्डिंग सहा दिवसांवर. तेराशिमासान पार्ट्यांमध्ये होशिनोंची नक्कल करायचे हे दिग्दर्शकाला माहीत होतं. त्यांना बोलावणं आलं. ते आधी स्मशानात गेले, थडग्यासमोर वाकून माफी मागितली आणि मग माइकसमोर उभे राहिले.

त्या रविवारनंतर प्रेक्षकांकडून एकही तक्रार आली नाही. त्यांनी लिहिलंय, माणूस गेल्याचं कुणाला कळू न देणं हे माझं कौशल्य ठरलं.

त्यानंतर जो नट जाईल त्याच्या जागी यांना बोलावायचे. बावीस वर्षांत सात जण. सात थडगी, सात माफ्या. बायको थट्टेत विचारायची, आज जेवायला कोण येणार आहे?

मी हे भाषांतर करत होते आणि पुष्करचा फोन आला. पुष्कर माझा धाकटा भाऊ, बहुतेक घरूनच काम करतो, बाबा त्याच्याकडे चिंचवडला असतात. विस्मरणाचा आजार आता बराच पुढे गेलाय. बाबा दिवसातून चार वेळा विचारतात, सुप्रभा कुठे आहे? खरं सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतात. खोटं सांगितलं की दाराशी जाऊन बसतात.

सुप्रभा म्हणजे आई. नोव्हेंबरात गेली, झोपेतच. माझा व्हिसाचा अर्ज तेव्हा इथे अडकला होता, देश सोडला असता तर रद्द झाला असता. मी गेले नाही. पुष्करने फोन उंच धरला होता आणि मी बर्मिंगहॅमच्या खोलीत बसून चिता पाहिली. मध्येच नेट गेलं.

हे मी आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं.

सोमवार, १९ मे

सकाळी साडेआठला, म्हणजे तिकडे दुपारी एकला, पुष्करचा फोन. बाबांनी कालपासून काही खाल्लेलं नाही, ताट ढकलून देतात. त्याचा आवाज पार दमलेला होता. मग म्हणाला, "ताई, तू आईचा आवाज काढायचीस ना? शेजारच्या काकू फसायच्या."

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, एकदाच. त्याने फोन बाबांच्या कानाला लावला. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

आईचा आवाज काढायला मला कधीच मेहनत पडली नाही. जरा नाकात, जरा उतरता, वाक्याच्या शेवटी "हं का". बाबा ड्रॉइंग मास्तर, म्हणून ती त्यांना मास्तरच म्हणायची. मी म्हटलं, "अहो मास्तर, ताट का ढकललंत? दोन दिवस मी नाही तर एवढे नखरे, हं का?"

मग बाबा म्हणाले, "सुप्रभा? अगं, कुठे आहेस तू?"

"आहे की. आधी जेवा."

दीड भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. पुष्कर रडत होता. मीही बागेत जाऊन रडले, पण ते रडणं बरं वाटणारं होतं. तेराशिमासान डॉक्टरांकडे गेले होते, त्यांना काही कळलं नाही.

नियम मोडला, माहीत आहे. पण ते नियम करणारे वेगळे आणि माझे बाबा वेगळे.

शनिवार, २४ मे

रोज साडेआठला फोन. बाबा आता पुष्करच्या आधी तयार होऊन बसतात, केस विंचरून. दोन्ही वेळा जेवतात. कालपासून चित्र काढायला लागलेत.

लिहायला हवं, म्हणून लिहिते. मी हे फक्त बाबांसाठी करत नाही. फोनवर बोलताना पाच मिनिटं का होईना, तिचा आवाज या खोलीत असतो. मला तो ऐकायचा असतो.

एक विचित्र गोष्ट झाली. बाबा त्यांचा ब्रशांचा डबा शोधत होते. माझ्या तोंडून, म्हणजे आईच्या, चटकन गेलं, "तांदळाच्या कोठीमागे बघा, निळ्या पिशवीत." पुष्करने बघितलं. तिथेच होता.

लहानपणी कधी ऐकलं असेल असं स्वतःला समजावलं. पण चिंचवडचा फ्लॅट त्यांनी गेल्या वर्षी घेतला. मी तो पाहिलेलाही नाही.

बुधवार, २८ मे

फोन ठेवून वळले तर तेराशिमासान दारात. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही. तरी चेहरा पांढराफटक. मला वाटलं, विचारतील, काय करत होतात? त्यांनी पॅडवर लिहिलं, "ह्या कोण?"

मी सगळं सांगितलं. ते त्यांच्या खोलीत गेले आणि बांधून ठेवलेली अकरा पानं आणून माझ्यासमोर ठेवली. ही भाषांतरासाठी दिलेल्या गठ्ठ्यात नव्हती.

होशिनो गेल्यावर दोन वर्षांनी त्यांची बायको स्टुडिओत आली, मिठाईचा डबा घेऊन. एकच विनंती होती. माझ्या दारात उभं राहून एकदा "आलो गं" म्हणाल का, त्यांच्या आवाजात? तेराशिमासान गेले, म्हणाले. बाई दार धरून हसली. मग दर गुरुवारी जायला लागले. ती पुन्हा स्वयंपाक करायला लागली, केस काळे केले, शेजाऱ्यांशी बोलायला लागली. आपण पुण्य करतोय असं त्यांना वाटत होतं.

एका मंगळवारी ती गेल्याचा निरोप आला. दाराशी पायरीवर बसलेली सापडली, पायात बूट, मांडीवर प्रवासाची पिशवी. शेजारीण म्हणाली, सकाळी यजमान बोलवायला आले होते. चल, म्हणत होते. मी भिंतीतून ऐकलं.

त्या सकाळी तेराशिमासान आपल्या घरी आंघोळ करत होते. तिथेच, पाण्यात, त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला होता. चल. त्यांनी उच्चारला नव्हता.

त्यानंतर गळा त्यांचा राहिला नाही. बायको हाक मारायची आणि उत्तर सातांपैकी कुणीतरी द्यायचं. शेवटची दोन वर्षं तिने नवऱ्याचा आवाज ऐकला नाही. मरताना ती म्हणाली, एकदा तुम्ही बोला ना. त्यांनी तोंड उघडलं आणि होशिनो बोलले.

कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, किरणोपचारांनी आवाज वाचेल. यांनी काढून टाका सांगितलं.

मला राग आला. मी म्हटलं, माझे बाबा जेवताहेत. निदान जेवताहेत.

त्यांनी लिहिलं: होशिनोबाईसुद्धा जेवायला लागल्या होत्या.

शनिवार, ३१ मे

फोन बंद केलेला नाही. केला पाहिजे. उद्या करीन असं रोज म्हणते.

दुपारी तेराशिमासानच्या गळ्याच्या जाळ्या आणायला दुकानात गेले होते. परत आले तर सियाचा मेसेज. तिने घरच्या फोनवर फोन केला होता. "कुठलातरी आंटी उचलला. सो स्वीट! मला विचारली, जेवलीस का गं पोरी? तुझी मम्मी आली आहे का? तू सांगितला नाही!"

घरात फक्त तेराशिमासान होते. ते स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसले होते.

सियाला काय उत्तर देऊ? उद्या देईन.

मंगळवार, ३ जून

माझ्या मोबाइलमधली बाई माझा आवाज ओळखते. आज सकाळी तिला हवामान विचारलं. म्हणाली, हा आवाज ओळखीचा नाही.

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

बसमध्ये ड्रायव्हरला थँक्यू म्हटलं. नाकात, उतरतं. मी तसं म्हणत नाही.

आता उठल्याउठल्या थोडा वेळ माझा आवाज असतो. दहा मिनिटं असेल. आरशासमोर स्वतःचं नाव म्हणून बघते. पूर्वी. पूर्वी. पाचव्यांदा ते "पूर्वे" होतं. मला पूर्वे फक्त एकच माणूस म्हणायचं.

आणि मी "ओ" दिली. देवा, मी "ओ" दिली. किती महिन्यांनी कुणी हाक मारली होती.

गुरुवार, ५ जून

पुष्करने विचारलं, ताई, बाबांना असं कशाला सांगितलंस?

काय सांगितलं?

"तयार राहा म्हणून. न्यायला येते म्हणून. ते सकाळपासून पिशवी भरताहेत."

मी असं म्हटलेलं नाही. मी शपथेवर सांगितलं. तो फोन स्पीकरवर ठेवतो आणि बाबांसाठी रेकॉर्ड करतो, त्यांना संध्याकाळी पुन्हा ऐकायचं असतं. त्याने रेकॉर्डिंग पाठवलं.

चार मिनिटं मला आठवतात. शेवटचं मिनिट आठवत नाही. "मास्तर, किती दिवस थांबू मी? कंटाळा आला हो एकटीला. तयार राहा, हं का."

इतकं प्रेमाने म्हटलंय.

उद्यापासून फोन नाही. संपलं.

शनिवार, ७ जून

काल फोन केला नाही. आज केला नाही. बोलतच नाही कुणाशी. तेराशिमासाननी मला एक पॅड दिलं, त्यांच्यासारखं. आम्ही दोघं जेवायला बसतो आणि लिहितो.

बाबा जेवले नाहीत.

तेराशिमासाननी लिहिलं, त्या बाईला एकाच गोष्टीने वाचवता आलं असतं. मी तिच्या दारात जाऊन माझ्या स्वतःच्या आवाजात सांगायला हवं होतं, तुमचे यजमान वारले आहेत. माझी हिंमत झाली नाही. तिचं हसणं मोडवेना. तुमचा आवाज अजून दहा मिनिटं आहे. लवकर सांगा.

मला बाबांना सांगायचंय, की आई गेली. आणि ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतील. आणि सांगणारी मी असेन, जी आलीच नव्हती.

सोमवार, ९ जून

उठले. पूर्वी म्हटलं. माझा होता. लगेच फोन लावला. बाबांनी उचलला. "बाबा," म्हटलं.

ते म्हणाले, कोण?

बाबा, मी पूर्वी. आई—

पुढचा शब्द आला नाही. गळ्यात कुणीतरी हात ठेवल्यासारखं. दुखलं नाही. ताप आला की ती ठेवायची तसा, मऊ हात. मी फोन ठेवला.

दुपारी पुष्करचा मेसेज: थँक्स ताई. आज तुझ्याशी अर्धा तास बोलले, पोटभर जेवले.

मी अर्धा तास बोललेले नाही.

मंगळवार, १० जून

पुष्करला सगळं टाइप केलं. ती मी नाही. फोन काढून घे त्यांचा. घरी थांब.

त्याचं उत्तर: "आई गेली तेव्हा आली नाहीस. एक काम सांगितलं तर आता ही नाटकं. जमत नसेल तर सरळ सांग ना."

बरोबर आहे त्याचं.

दोनदा फोन केला सांगायला. तोंडून निघालं, "पुष्कर बाळा." त्याने ऐकलं, ठेवला. मग लिहिलं, माझ्याशी हा आवाज काढू नकोस, प्लीज. मला सहन होत नाही.

आज सकाळी दहा मिनिटंही नव्हती.

बुधवार, ११ जून. सकाळ, ८.१०

पुष्करचा मेसेज. आज ऑफिसला गेला होता, तिथून. शेजाऱ्यांनी त्याला कळवलं, बाबा घरात नाहीत. दार उघडं. इस्त्रीचा शर्ट, पिशवी घेऊन. मोबाइल त्यांच्याकडे आहे. तो निघालाय, ट्रॅफिकमध्ये अडकलाय.

८.१६

वॉचमनने पाहिलं. हायवेच्या बाजूला गेले. फोनवर बोलत, हसत.

कुणाशी?

८.१९

बोलायचं नाही. लिहून दाखवायचं. बाबांना वाचता येतं अजून, मास्तर आहेत. व्हिडिओ लावते. हीच वही कॅमेऱ्यासमोर टेकवून ठेवते, त्यातच लिहीत राहते. तेराशिमासान शेजारी बसलेत. माझा डावा हात धरून.

बाबा, आई गेली. नोव्हेंबरात. मी पूर्वी. तिथेच थांबा. पुष्कर येतोय.

८.२१

लागला. उचलला. रस्ता दिसतोय. ट्रक. खूप ट्रक. बाबा, इकडे बघा, पडद्याकडे बघा—

फोन कानाला लावलाय त्यांनी. मला फक्त कान दिसतोय. पांढरे केस. कान.

वही समोरच आहे. ते बघत नाहीत. बाबा, बघा ना. बाबा

थांबले. काठावर उभे आहेत. ऐकताहेत. मान डोलावताहेत. हो, म्हणाले. आलोच, म्हणाले.

कुणाला? मी तोंड उघडलेलं नाही. दात आवळून धरलेत. मी लिहितेय फक्त.

तेराशिमासान माझ्याकडे बघताहेत. माझ्या ओठांकडे. मान हलवताहेत, नाही, नाही— त्यांचा हात माझ्या तोंडावर येतोय— म्हणजे मी बोल—